निर्मळ सही

फालक मॅडमच्या तासाला डुलकी काढायची सोय नव्हती. एक तर मॅडमचा आवाज असा, की खालच्या मजल्यावरचा शिपाईसुद्धा व्यवसायनीतीचे चार मुद्दे सांगू शकला असता. आणि दुसरं म्हणजे प्रत्येकाच्या कपाळावर पाल असायची.

खरी पाल नव्हे हो. ती एक बोटभर रुंदीची, करड्या रंगाची कपाळपट्टी होती. पण तिचं नाव पाल पडलं ते कायमचंच, आणि ते का पडलं हे सांगायचं तर थोडं मागे जावं लागेल.

व्यवसायनीती हा विषय विद्यापीठात सावत्र मुलासारखा होता. शनिवारचा शेवटचा तास, ऐच्छिक पेपर, आणि उत्तरपत्रिकेत सगळेच संत. 'मी लाच घेणार नाही, मी ग्राहकाचे हित प्रथम पाहीन' असं सुवाच्य अक्षरात लिहून पोरं पैकीच्या पैकी गुण घ्यायची आणि नोकरीला लागली की शेजारच्या टेबलावरचा जे करतो तेच करायची. वैजयंती फालक हा विषय वर्षानुवर्षं शिकवत होत्या आणि वर्षानुवर्षं त्यांच्या डोक्यात तिडीक जात होती. पोरांना उत्तर ठाऊक असतं. पण त्यांच्या मनात कधी काही हलतं का? आणि हललं तर कुठे?

हा प्रश्न त्यांनी एकदा कँटीनमध्ये इलेक्ट्रॉनिक्सच्या ताहेर शेख सरांसमोर टाकला. सर चहात खारी बुडवत होते. ती बुडली ती बुडलीच, कारण सर विचारात पडले.

माणसाला दोन गोष्टी दोन दिशांना ओढू लागल्या की मेंदूच्या पुढच्या भागात, कपाळाच्या मधोमध थोडी आत, एक संथ लय उसळते. सेकंदाला पाच-सहा हेलकावे. ही गोष्ट शास्त्रज्ञांना फार पूर्वीपासून ठाऊक होती. अडचण एवढीच, की ही लय गणित अडलं तरी उसळते आणि हॉटेलात काय मागवावं हे सुचेना तरी उसळते. ताहेर सरांच्या लक्षात आलं, की आपल्या हातून दुसऱ्या कुणाचं वाईट होणार असं वाटलं, तर त्या लयीपाठोपाठ हृदयाचा एखादा ठोका लांबतो आणि कपाळाच्या त्वचेवर घामाचा अगदी सूक्ष्म बदल होतो. तिन्ही गोष्टी याच क्रमाने. हा क्रम ओळखायला त्यांनी एका नखाएवढ्या चिपला शिकवलं. चिप मनातलं वाचत नव्हती. काय टोचतंय हे तिला कळत नव्हतं. काहीतरी टोचतंय, एवढंच ती सांगायची.

सांगायची कशी, तर आधी बीप वाजायचा. मॅडम म्हणाल्या, "बीप नको हो सर, बँकेत टोकन घेऊन बसल्यासारखं वाटतं." तेव्हा सरांनी आपल्या घरातल्या ट्यूबलाइटमागच्या पालीचा आवाज रेकॉर्ड करून पट्टीत घातला. मनात शंकेची पाल चुकचुकली की आता कपाळावरही चुकचुकायची. झालं, नाव पडलं.

वर्गात तिने कमाल केली. एकदा रंगाच्या कारखान्याची केस चालू होती. सांडपाणी सरकारी मर्यादेच्या अगदी काठावर आहे, नाल्यात सोडायचं की नाही? तन्मय नावाचा एक हुशार मुलगा उठला आणि ऐटीत म्हणाला, "मर्यादेत आहे, सोडावं." चुक चुक चुक. वर्ग खदाखदा हसला.

"हसू नका रे," मॅडम कडाडल्या. "तन्मय, आत्ता कोण दिसलं तुला?"

पोराचे कान लाल झाले. "मामा. त्यांची विहीर नाल्याला लागून आहे."

"हं. मग आता मामांना समोर बसवून उत्तर दे."

त्याने दिलेलं दुसरं उत्तर पहिल्यापेक्षा अडखळतं होतं, लांबलचक होतं, आणि कितीतरी शहाणं होतं. मॅडमना त्या दिवशी आपला विषय सावत्र राहिला नाही असं वाटलं. तास संपताना त्या एकच वाक्य बजावायच्या. "पोरांनो, चुकचुकत्या मनाने सही करायची नाही."

हे वाक्य पुढे फार लांब गेलं. पट्टी कंपन्यांनी उचलली, वाक्य त्यांच्या कपांवर आणि कॅलेंडरांवर छापून आलं. मग कायद्यात एक कलम आलं, की सही करताना कपाळपट्टी गप्प असेल तर ती सही शुद्ध हेतूने केली असं धरावं. अशा सहीला 'निर्मळ सही' म्हणू लागले. पाच-सहा वर्षांत असं झालं, की पट्टीशिवाय सही म्हणजे हेल्मेटशिवाय हायवे. विद्यापीठात फालक मॅडमचा विभाग तीन खोल्यांवरून पूर्ण मजल्यावर गेला आणि मॅडमना दर आठवड्याला कुठल्या ना कुठल्या कंपनीचं बोलावणं येऊ लागलं.

श्वासदीपचं बोलावणं मात्र घरचंच होतं. जळगावहून भुसावळकडे जाताना डाव्या हाताला हा कारखाना. घरी वापरायची प्राणवायू यंत्रं तिथे बनतात. तिथला नीतिप्रमुख निनाद झोपे हा मॅडमचा जुना लाडका विद्यार्थी, आणि गुणवत्ता विभागाचा प्रमुख हेमराज फालक हा मॅडमचा सख्खा धाकटा भाऊ.

"मॅडम, अख्खं वर्ष आमच्याकडे एकही सही चुकचुकलेली नाही," निनादने फोनवर सांगितलं होतं. त्याचा आवाज आनंदाने फुटत होता. "देशात पहिली कंपनी! सकाळी तुमची कार्यशाळा, दुपारी मळ्यात भरीत पार्टी, आणि तिथेच आप्पासाहेबांच्या हस्ते सत्कार. सत्कार कुणाचा, सांगू? आपल्या फालकसाहेबांचा. सगळ्यात जास्त निर्मळ सह्या त्यांच्या."

मॅडमचा ऊर भरून आला. आई गेली तेव्हा हेमू सात वर्षांचा होता आणि त्या सोळाच्या. त्याला त्यांनीच वाढवला. ताईने फुंकर घालून दिलेला चहा तो डोळे मिटून पिऊन टाकायचा. आता पन्नाशीला आलेला, केस पिकलेला हेमू सगळ्या कंपनीत सर्वांत निर्मळ मनाचा ठरला होता. त्या ठेवणीतली नारायणपेठ नेसून निघाल्या.

कार्यशाळेला तीसेक अधिकारी होते. हेमराज नव्हता. वांगी नीट भाजली जाताहेत का हे पाहायला तो सकाळीच मळ्यात गेला होता, कारण भरिताच्या बाबतीत त्याचा दुसऱ्या कुणावर भरवसा नव्हता.

मॅडमनी नेहमीसारखी सुरुवात केली. "मागच्या वेळी पाल चुकचुकली तेव्हा तुम्ही काय केलंत? सांगा बरं कुणीतरी."

खरेदी विभागाचे वाणीसाहेब उठले. गोल चेहऱ्याचा, हसरा माणूस. "सोडली, मॅडम."

"काय सोडलं?"

"फाइल हो. चुकचुकलं की स्क्रीनवर बटण येतं, 'सही सोडा'. ते दाबलं की फाइल पुढे जाते. आपण मोकळे!"

"पुढे म्हणजे कुणाकडे?"

"ते आपल्याला नाही कळत. सिस्टिम बघते. ज्याच्याकडे चुकचुकणार नाही अशाकडे पाठवते."

मॅडमनी खडू खाली ठेवला. "आणि त्या पुढच्या माणसाला तुम्ही सांगता ना, तुम्हाला काय टोचलं ते?"

"छे छे! नावं गुप्त असतात. त्याच्या मनावर दडपण यायला नको ना."

"बरं. त्यालाही टोचलं तर?"

"तो पण सोडतो."

"आणि त्याच्या पुढच्याने सोडली तर?"

वाणीसाहेबांनी उत्तर द्यायच्या आतच मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "शेवटी फालकसाहेब आहेतच की!" आणि सगळे मनमोकळं हसले. त्या हसण्यात वाकडं काही नव्हतं. फालकसाहेब सगळ्यांचे आवडते होते. मॅडम मात्र हसल्या नाहीत.

त्यांनी जेमतेम चहाच्या सुट्टीपर्यंत तास रेटला. सगळे बाहेर गेले, पण एक मुलगी खुर्चीतून उठली नाही. सलमा तडवी, रचना विभागातली इंजिनीअर. यावलची.

"मॅडम, आत्ता एक फाइल पुढे गेलीय," ती हळूच म्हणाली. "मीच सोडली. परवा."

"कसली फाइल?"

सलमाने फळ्यावर एक नळकांडं काढलं. यंत्रात पांढऱ्या वाळूसारखे दाणे असतात, झिओलाइटचे. त्यातून दाबाने हवा सोडली की ते दाणे हवेतला नायट्रोजन धरून ठेवतात आणि प्राणवायू पुढे नळीत जातो. नवं यंत्र आकाराने लहान केलंय, म्हणून ते आतून जास्त तापतं. आणि दाणे फार तापले की नायट्रोजनवरची त्यांची पकड सुटते.

"मग रोग्याला काय मिळतं?"

"प्राणवायू कमी कमी होत जातो. पण यंत्र नुसता प्रवाह मोजतं, शुद्धता नाही. प्रवाह तेवढाच असतो, म्हणून दिवा हिरवाच राहतो. घरच्यांना वाटतं, सगळं ठीक आहे."

"किती तापल्यावर?"

"खोलीत त्रेचाळीस-चव्वेचाळीस झालं की." सलमाने हाताचा खडू पुसत मान खाली घातली. मे महिन्यात खानदेशात बाहेरच सेहेचाळीस असतं, हे जळगावात कुणाला सांगायची गरज नाही. "शुद्धता मोजणारा सेन्सर घालता येईल, मोठा पंखा घालता येईल. दोन महिन्यांचं काम आहे. पण उन्हाळ्याच्या आत माल पोचवायचाय. म्हणून सूचनापत्रकात ओळ घातलीय, यंत्र थंड खोलीत ठेवावे."

"थंड खोलीत," मॅडम म्हणाल्या.

"माझी मावशी पत्र्याच्या घरात राहते, मॅडम. दम्याने फुप्फुसं गेलीत तिची. तिच्या घरातली सगळ्यात थंड जागा म्हणजे माठाखालची." सलमाचे डोळे भरून आले. "ती ओळ वाचली आणि पट्टी चुकचुकली. मी सोडली. वाणीसाहेबांनीही सोडली, असं ऐकलं. चुकचुकत्या मनाने सही करायची नाही, असं तुम्हीच..."

मॅडमनी खुर्ची तिच्याजवळ ओढली. 

"आता कुणाकडे आहे फाइल?"

"फालकसाहेबांकडे. दुपारी सत्काराच्या वेळी ते तीच सही करणार आहेत. सगळ्यांसमोर, वर्षातली शेवटची निर्मळ सही म्हणून. ट्रक उद्या सकाळी निघणार."

निनाद कॉरिडॉरमध्येच सापडला. मॅडमनी त्याला दंडाला धरून रिकाम्या केबिनमध्ये नेलं. वर्गातल्या पोराला धरावं तसं धरलं, आणि तो पंचेचाळिशीचा माणूस मुकाट्याने गेला.

"निनाद, हे काय चालवलंयस तू?"

त्याने सगळं ऐकून घेतलं. चेहरा पडला नाही, उलट तो थोडा दुखावला. "मॅडम, रागावू नका. पण यात चूक काय आहे ते मला खरंच सांगा. आम्ही कुणालाही मनाविरुद्ध सही करायला लावत नाही. टोचलं की सोड म्हणतो. पूर्वी माझ्या बॉसने माझ्याकडून रडवून सह्या घेतल्यात. इथे एका माणसावरही तशी वेळ आलेली नाही. किती कंपन्यांना छातीठोकपणे असं म्हणता येईल?"

"आणि माणसाला टोचलं ते कुठे गेलं?"

"कुठे गेलं म्हणजे?"

"अरे, टोचतं ते काहीतरी सांगायला टोचतं ना! तुम्ही काय केलंत? ज्याला दिसलं त्याला बाजूला केलंत आणि ज्याला दिसत नाही असा माणूस सापडेपर्यंत फाइल फिरवलीत. चाळणी लावलीस तू, निनाद. माणसांची चाळणी. आणि खाली उरला माझा भाऊ."

"पण वाक्य तुमचंच आहे, मॅडम."

"आहे ना! अर्धंच होतं ते. उरलेलं अर्धं आज सांगते." मॅडमनी पदर खोचला. "सही करायची नाही, आणि गप्पही बसायचं नाही."

निनादने घड्याळ पाहिलं. "आता कार्यक्रम थांबवता येणार नाही. आप्पासाहेब निघालेत. आणि फालकसाहेबांना काय सांगणार? त्यांची बढतीसुद्धा या सह्यांवरच झालीय. सगळ्यांसमोर त्यांचा पाणउतारा होईल."

हे मात्र खरं होतं. इतरांच्या शंभर भानगडी निस्तरणाऱ्या वैजयंतीबाईंना मळ्यापर्यंतच्या त्या दहा मिनिटांत एकच विचार खात होता. हेमूला आजवर कुणी पहिला नंबर दिला नव्हता. शाळेत नाही, कॉलेजात नाही, चुलत-मावस भावंडांतही नाही. आज मिळत होता तर तो आपल्या हाताने हिसकावून घ्यायचा. आणि नाही घेतला, तर कुठल्याशा पत्र्याच्या घरात हिरवा दिवा लागलेला असेल आणि कुणाची तरी मावशी त्याच्याकडे पाहत पाहत गुदमरेल. पारडं कुठे झुकतंय हे त्यांना कळत होतं. जिवावर आलं होतं, एवढंच.

मळ्यात तुरीच्या काड्यांचा धूर दाटला होता. भाजलेल्या वांग्यांचा तो खमंग वास, हिरव्या मिरच्या, लसूण, कांद्याची पात, आणि एका बाजूला पुऱ्या तळणं चालू. हेमराज बाह्या सरसावून वांगी सोलत होता. ताईला पाहून त्याचा चेहरा उजळला.

"ताई! ये ये. बघ, कसली वांगी मिळालीत. बामणोदहून आणवली."

"हेमू, हात धू. जरा विहिरीकडे चल."

"अगं, पाहुणे यायला लागलेत..."

"चल म्हणते ना."

विहिरीजवळ निंबाची सावली होती. मॅडमनी आडवळणं घेतली नाहीत. ती त्यांना येतही नव्हती. फाइल काय आहे, ती कुणी सोडली, का सोडली, आणि आजवरच्या सगळ्या अवघड फाइली त्याच्याकडेच का येत होत्या, हे त्यांनी सरळ सांगून टाकलं.

हेमराज आधी हसला. मग त्याचं हसू विरलं. ओले हात तो पँटला पुसत राहिला.

"म्हणजे मला मनच नाही, असं म्हणायचंय तुला?"

"असं मी म्हटलं का?"

"मग काय म्हटलंस? सगळ्यांना टोचतं, मला टोचत नाही. दगड आहे मी."

"तू दगड नाहीस रे. कुत्र्याचं पिल्लू मेलं म्हणून दोन दिवस जेवला नव्हतास. हेमू, सही करताना तुझ्या मनात काय येतं, ते सांग."

"काय यायचंय? फाइल माझ्यापर्यंत येते म्हणजे आधी दोघा-तिघांनी पाहिलेली असते. हुशार माणसं आहेत आपल्याकडे. त्यांनी पाहिलंय म्हणजे ठीकच असणार. त्यांच्यावर शंका घेणारा मी कोण?"

"त्यांनी पाहिलं, हे खरं आहे. आणि पाहून ते पळालेत."

 तो रहाटाच्या दांड्यावर हात ठेवून विहिरीत पाहत उभा राहिला. मॅडमना त्याचा खांदा धरावासा वाटला, पण त्यांनी धरला नाही.

"एवढी वर्षं मला वाटायचं, लोक माझ्यावर विश्वास टाकतात," तो शेवटी म्हणाला. त्याचा आवाज चिरका झाला होता. "तू आज नसतंस सांगितलं तर चाललं नसतं का, ताई? उद्या सांगितलं असतंस."

"उद्या ट्रक निघून गेलेले असतील."

"हो. तुझं नेहमी बरोबरच असतं," तो कडवटपणे म्हणाला आणि वळून चालायला लागला. लहानपणापासून आजवर तो ताईवर रागावून असा कधीच निघून गेला नव्हता. मॅडम तिथेच कठड्यावर बसल्या. त्यांना रडू आलं, आणि ते त्यांनी येऊ दिलं.

सत्काराला मांडव छान होता. आप्पासाहेब बढे, कंपनीचे संस्थापक, ऐंशी वर्षांचे, मधल्या खुर्चीत बसले होते. शाल आली, श्रीफळ आलं. हेमराजने सगळं मान लववून घेतलं, पण बहिणीकडे पाहिलं नाही. मग निनादने टॅबलेट आणला. मोठ्या पडद्यावर फाइलचं पहिलं पान दिसू लागलं आणि कोपऱ्यात हेमराजच्या पट्टीचा दिवा, हिरवा. पट्टी चुकचुकली असती तर तो लाल झाला असता. 

हेमराजने पेन उचललं, आणि खाली ठेवलं.

"एक विचारायचंय," तो माइकमध्ये म्हणाला. त्याला माइकची सवय नव्हती, आवाज फार मोठा आला. "या फाइलवर माझ्याआधी कोण होतं?"

मांडवात कुजबुज झाली. निनाद म्हणाला, "साहेब, ते गुप्त..."

"मला ठाऊक आहे ते. मी सिस्टिमला विचारत नाहीये. माणसांना विचारतोय."

 आप्पासाहेबांनी कानातलं यंत्र नीट केलं. मग तिसऱ्या रांगेतून सलमा तडवी उभी राहिली. 

"मी होते, साहेब."

"ये, पुढे ये. बैस इथे." त्याने आपली खुर्ची तिला दिली आणि स्वतः उभा राहिला. "आता सांग. काय दिसलं तुला?"

सलमाने सांगितलं. पत्र्याचं घर सांगितलं, माठ सांगितला, मावशीचं नाव सांगितलं, जुबेदा. दुपारी बारानंतर ती बोलायचंसुद्धा बंद करते, कारण बोलायला श्वास पुरत नाही, हे सांगितलं. सगळं सांगायला पाच मिनिटंही लागली नाहीत. हेमराज तिच्याकडे झुकून ऐकत होता, कुणी फुंकर न घातलेल्या वाफाळत्या चहाकडे पाहावं तसा.

"थंड खोली नाहीच म्हणजे," तो म्हणाला.

"नाही साहेब. आमच्या गल्लीत कुणाकडेच नाही."

हेमराज सरळ झाला. "मग मी ही सही करत नाही. सेन्सर बसल्याशिवाय हा माल जाणार नाही."

सगळ्यांच्या माना एकदम पडद्याकडे वळल्या. दिवा हिरवाच होता. लाल झाला नाही, लुकलुकलासुद्धा नाही. आणि व्हावा तरी का? पट्टीला दोन्हीकडून ओढलं जाणारं मन तेवढं ऐकू येतं. हेमराजचं मन आता एकाही गोष्टीने दुसरीकडे ओढलं जात नव्हतं. शाल, बढती, उद्याचे ट्रक, काही नाही.

"निर्मळ नकार," ताहेर सर असते तर टाळी देऊन म्हणाले असते. पण ते नव्हते, आणि निनादने टॅबलेटवर पाहिलं तर नकारासाठी रकानाच नव्हता. त्याने मॅडमकडे पाहिलं. मॅडम नुसत्या बसून होत्या. छाती अभिमानाने एवढी भरली होती, की त्या शिक्षिका आहेत की ताई, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

आप्पासाहेब घोगऱ्या आवाजात म्हणाले, "ट्रक थांबवा रे." एवढंच. मग ते हेमराजकडे वळले. "फालक, बैस आता."

"बसतो, आप्पासाहेब. पण एक सांगतो." हेमराजने माइक थोडा लांब धरला. "उद्यापासून माझ्याकडे फाइल येईल ती माणसासकट येईल. ज्याला टोचलं त्याने माझ्यासमोर बसायचं आणि काय टोचलं ते सांगायचं. त्याशिवाय मी पेन उचलणार नाही."

कुणीतरी टाळ्या वाजवायला सुरुवात केली, पण ती दोन-चार हातांतच विझली. कारण वाणीसाहेब उभे राहिले होते. त्यांच्या गोल चेहऱ्यावर आज हसू नव्हतं.

"साहेब, मीही होतो. या फाइलवर पण होतो, आणि..." त्यांनी समोरच्या खुर्चीची पाठ धरली. "मागच्या पावसाळ्यातल्या फाइलवरपण. ती यंत्रातल्या हवेच्या स्वस्तातल्या गाळणीची. ती ओलीला टिकत नाही, बुरशी धरते, असं मला पुरवणाऱ्याच्या पोरानेच सांगितलं होतं. माझ्याकडे चुकचुकलं. मी सोडली. ती तुमच्याकडे आली."

हेमराजने ती फाइल आठवली. ती त्याने दुसरी फाइल शोधता शोधता, उभ्या उभ्याच सही करून दिली होती.

"किती घरांत गेली ती?"

"पुष्कळ. अजून परत मागवता येईल, साहेब. पत्ते आहेत सगळे. पण कुणी म्हटलंच नाही."

मांडव इतका शांत झाला, की तळणीतलं तेल चुरचुरताना ऐकू येत होतं. आणि त्या शांततेत दुसरा एक आवाज आला. लहानसा, कोरडा.

चुक चुक चुक.

सगळ्यांनी पडद्याकडे पाहिलं. दिवा लाल होता. हेमराज फालकच्या कपाळावर पट्टी आयुष्यात पहिल्यांदा वाजत होती.

निनाद घाईने पुढे झाला. "साहेब, काढतो मी ती. सत्काराचं काम झालं आता..."

हेमराजने त्याचा हात मनगटात धरून बाजूला केला. त्याचे डोळे पाण्याने भरले होते, पण नजर वाणीसाहेबांवरच होती. मग त्याने मान वळवून विहिरीवरून आल्यापासून पहिल्यांदा ताईकडे पाहिलं.

"राहू दे," तो म्हणाला. "वाजू दे तिला. बोला वाणीसाहेब. कोणकोणती घरं, ते सांगा."